दुसरी किल्ली

देण्याआधी गाडी धुतली.
बाजाराला न्यायची म्हैससुद्धा
आपण शिंगांना तेल लावून नेतो,
ही तर जर्मन.
छोटी, पण जर्मन.

उद्यमनगरात त्या वर्षी
पंपाच्या बॉड्यांची मोठी ऑर्डर लागली होती,
भट्टी रात्रीतून दोनदा ओतायची,
आणि मी, नखांत साच्याची काळी वाळू,
शोरूममधल्या पांढऱ्या शर्टातल्या पोराकडून
कातड्याच्या सीटवर बसायला शिकलो.
पहिल्या दिवशी चपला बाहेर काढून बसलो होतो.
शालन अजून पाहुण्यांना सांगते.

बारा वर्षं.
निम्मं आयुष्य तिचं घर ते फौंड्री,
उरलेलं जोतिबा, गगनबावडा,
आणि पुण्याला पोराकडं,
जिथं पाहुण्यांच्या गाडीला जागा नाही म्हणून
सोसायटीबाहेर चिंचेखाली रात्र काढायची ती.

मग गुडघे गेले.
गाडी जमिनीला टेकलेली, मी तिच्यात पडायचो.
पडणं सोपं.
निघताना दार धरून, छत धरून,
शेवटी शालनला धरून.
एकदा देवळासमोर चार पोरांनी ओढून काढलं मला,
विहिरीतनं कासव काढावं तसं.
घरी येऊन म्हटलं, देऊन टाकू.
विकू नाही म्हटलं. देऊ.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
आदल्याच आठवड्यात दलाल आलेला,
बोनेटवर बोट वाजवून म्हणाला,
"मालक, आता हिला कोण इचारतंय?"
त्या बोटापायी असेल.

भूपाल चौगुले आले, डायलिसिस ट्रस्टचे.
पायात स्लीपर, काखेत पावतीपुस्तक.
मी मनात सगळं बघून ठेवलेलं:
पन्हाळ्याकडची कुणी म्हातारी
मागच्या सीटवर, सुया टोचून आलेला हात मांडीवर,
थंड हवा, कातड्याचा वास,
आणि गाडीला ठाऊक, की आपण कुणाला नेतोय.
चौगुल्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.
"दादा, राग मानू नका.
हिचा एक आरसा फुटला
तर आमचा महिन्याचा चहा गेला.
आम्ही ही विकणार.
त्यात एक जुनी व्हॅन घेणार.
उंच. म्हाताऱ्यांना चढता येईल अशी."

सही केली.
खरं सांगतो, मन खट्टू झालं.
दिलेलं कुठं जातं ते विचारू नये म्हणतात,
पण मी ओतकाम केलेला माणूस,
वितळलेलं कुठल्या साच्यात उतरतं
ते बघितल्याशिवाय मला झोप नाही.

ती गेली तिथं तेलाचा डाग राहिला,
तळहाताएवढा.
शालननं तेवढा वगळून
अंगणभर चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या.

महिन्याभरानं कपाटात, जुन्या कोटाच्या खिशात
दुसरी किल्ली सापडली.
फोन केला. चौगुले म्हणाले,
"बरं झालं. घेणाऱ्यानं तिच्यापायी
सात हजार अडवून ठेवल्यात.
आमची गाडी तिकडंच येतीया, द्या तिच्यात."

व्हॅन आली. कुठल्याशा शाळेचं पिवळं
नव्या रंगाखालून अजून दिसत होतं.
मागं तिघं. एका आजोबांच्या कोपराला पांढरी पट्टी,
एका बाईच्या हातात पाण्याची बाटली,
तिच्यावर पेनानं ओढलेली रेघ:
संध्याकाळपर्यंत इथवरच.
दस्तगीर स्टिअरिंगवरूनच म्हणाला,
"काका, तुम्हीच चला की द्यायला,
परत आणून सोडतो."
मी दांडा धरला, पाय उचलला,
आणि बसलो.
मागं वळून बघितलं तर शालन फाटकात,
आधाराला पुढं केलेला हात तसाच.

सीट रेक्झिनची, उसवलेली,
आतला काथ्या टोचत होता.
बाटलीवाल्या बाईनं माझ्याकडं निरखून बघितलं.
"किती वर्षं झाली तुम्हाला?"
मी कसल्या तंद्रीत होतो कोण जाणे.
म्हटलं, "बारा."
"बारा! मग लई टिकलासा की,"
म्हणाली,
आणि सरकून मला खिडकी दिली.